धाकटीने फोडलेला शेवट

तिने आयुष्यभर पुस्तकं मधूनच वाचली, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. ती बाइंडिंगखान्यात घड्या घालायच्या कामाला होती. छापखान्यातून टेबलाएवढे कागद यायचे. एकेका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी, पहिल्याच्या शेजारी थेट सोळावं. अशा कागदाला फर्मा म्हणतात. तो तीनदा नीट दुमडला की पानं आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि असे सगळे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. कारखान्यात सगळे तिला घडीताई म्हणायचे. घरात ती धाकटी, कारण तिच्याआधी त्या घरात एक थोरली जाऊ येऊन बसली होती आणि तिच्यासमोर दुसऱ्या कोणाचं नाव टिकणं कठीण होतं.

लोकांना वाटतं, पुस्तक पहिल्या पानापासून छापत जातात. छे. पहिला फर्मा बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी छापायला जातो, कारण त्यात प्रस्तावना असते, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्या मोठ्या माणसांना कधी सवड म्हणून नसते. गोष्टीची सुरुवातीची पानंही बिचारी त्यांच्यापायी अडकून पडतात. शेवटचा फर्मा लेखकामुळे रखडतो. शेवट करायची वेळ आली की भल्याभल्यांचे हातपाय गळतात. त्यामुळे घडीताईच्या टेबलावर आधी यायचं ते मधलं. अनोळखी घरात भर पंगतीत शिरावं तशी ती गोष्टीत शिरायची. कोण कोणाचा कोण, कशावरून हसतायत, काही पत्ता नाही.

बाइंडिंगखान्याचं निम्मं काम एकाच प्रकाशकाकडून यायचं, आणि त्या प्रकाशकाला जगावेगळ्या गोष्टींचं वेड होतं. परग्रहावरच्या वसाहती, समुद्राच्या तळाशी वसवलेली शहरं, हजार वर्षांनंतरचे राजेरजवाडे. दुसरं काही तो छापायचाच नाही. मालकाचा नियम साधा होता. हात थांबता कामा नये, डोळे कुठे का जाईनात. घडीताईचे डोळे फर्म्यात जायचे. घडी घातलेल्या फर्म्याची काही पानं वरून जोडलेली असतात, कापल्याशिवाय उघडत नाहीत. ती मान वाकडी करून आत डोकवायची आणि जेवढं दिसेल तेवढं वाचायची. बाकीच्या बायका तिला हसायच्या. हसता हसता विचारायच्या मात्र, की पुढे काय झालं.

थोरली एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होती. पुड्या बांधायच्या, बाटल्यांवर डोसाच्या खुणांच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि पेशंट नसला की टेबलाखालचं पुस्तक वर काढायचं, असा तिचा खाक्या. तीही त्याच प्रकाशकाची वाचक. वाचनालयात नवीन पुस्तक येण्याआधीच तिचा नंबर लागलेला असायचा. वाचनालयाचे काका म्हणायचे, "बाई, लेखकाने अजून लिहायला घेतलं नाही तर तुम्ही मागायला आलात." प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर खालच्या बाजूला बारीक अक्षरात 'आगामी' म्हणून दोन-तीन ओळी असत. थोरली पुस्तकाच्या आधी त्या ओळी वाचायची.

लग्नानंतरचे पहिले काही महिने धाकटी थोरलीला टरकून होती. थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं, आणि हिशेबाला एकदम चोख. एका संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. थोरलीने एका हाताने कढईतलं ढवळत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून मोठ्याने वाचलं, "आगामी. जिथे माणसं झोपेत म्हातारी आणि जागेपणी तरुण होतात, अशा गावाची कादंबरी." आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे नेमकं काय असेल?"

धाकटी शेंगा सोलत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यात एक न्हावी आहे. तो कधीच झोपत नाही. लोक झोपले की त्यांचे पांढरे केस कापून गोळा करतो."

थोरलीने गॅस बंद केला. "तुला कसं माहीत?"

"परवा घड्या घातल्या ना आम्ही. चौथा, पाचवा आणि सातवा फर्मा."

"अजून काय आहे?"

"न्हाव्याची बायको त्याला सोडून गेलीये. का गेली ते माहीत नाही. ते आधीच्या फर्म्यात असणार."

थोरली विचारात पडली. मग स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, "ती झोपाळू असणार. झोपून झोपून म्हातारी झाली, आणि ह्याने तिला उठवलं नाही."

पुस्तक बाहेर आलं तेव्हा थोरलीचं अर्धं बरोबर निघालं. बायको झोपाळू होती, पण न्हाव्याने तिला उठवलं होतं, आणि तिला त्याचाच राग आला होता. त्या दिवसापासून दोघींचं जुळलं. धाकटीने मधलं आणायचं, थोरलीने त्यावरून सुरुवात रचायची, आणि पुस्तक हातात आलं की ताडून बघायचं. एकच बंधन होतं, तेही थोरलीने घातलेलं. शेवटचा फर्मा आधी आला तर अळीमिळी गुपचिळी. शेवट दोघींनी पुस्तकातच वाचायचा, एकाच बैठकीत, थोरलीने मोठ्याने आणि धाकटीने ऐकत. शेवट आधीच वाचून झालेला असला तरी धाकटी नव्याने ऐकल्यासारखी ऐकायची. पुढे पुढे तिला खरंच ते नवीन वाटायला लागलं.

दोघींचे नवरे म्हणजे सख्खे भाऊ आणि सख्खे निरक्षर म्हणावेत असे. पेपरातलं हवामान सोडून काही वाचायचे नाहीत. एकदा धाकटीचा नवरा कामावरून आला तर ह्या दोघी ओट्यापाशी डोळे पुसत उभ्या. "कोण गेलं?" त्याने विचारलं. थोरली म्हणाली, "चंद्रावरचा माळी." तो बाहेर जाऊन बसला आणि भावाला म्हणाला, "आज जेवण उशिरा आहे."

फार चांगले दिवस होते ते. घर लहान, कामं डोंगराएवढी, दोघींच्या पदरात शाळेत जाणारी पोरं. पण संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटलं की दोघींपुरतं एक वेगळंच जग उघडायचं, जे अजून छापूनही झालेलं नव्हतं. शहरातल्या कुठल्याही वाचकाच्या आधी त्या तिथे पोचलेल्या असायच्या. कोणाला सांगायची सोय नव्हती, आणि त्यातच तर गंमत होती.

सगळ्या पुस्तकांत थोरलीचा जीव अडकला होता तो गलबताच्या मालिकेत. पृथ्वी सोडून निघालेलं एक अवाढव्य गलबत, त्यात जन्मलेल्या आणि त्यातच म्हाताऱ्या होणाऱ्या माणसांच्या पिढ्या, आणि त्या सगळ्यांना सांभाळून नेणारी एक कप्तानबाई. कमी बोलणारी, कोणाजवळ मन मोकळं न करणारी, चुकलेल्याची गय न करणारी. थोरलीला तिच्यात काय दिसायचं ते घरातल्या मांजरालाही कळलं असतं. चार भाग निघाले. पाचवा भाग 'आगामी' म्हणून इतकी वर्षं छापला जात होता की थोरली म्हणायची, "गलबत पोचेल, पण हा भाग यायचा नाही."

पाचवा भाग आला, आणि नेमका नको त्या वेळी आला. थोरलीच्या नवऱ्याला नोकरीतून घर मिळालं होतं, दुसऱ्या गावी. बांधाबांध चालली होती. भांडी वाटली गेली, गाद्या वाटल्या गेल्या, कोणी चकार शब्द काढला नाही. गाडं अडलं ते पुस्तकांच्या कपाटापाशी. त्यात थोरलीने विकत घेतलेली पुस्तकं होती आणि धाकटीने आणलेलीही. बाइंडिंगमध्ये खराब झालेल्या प्रती मालक कामगारांना द्यायचा. कुठे कव्हर उलटं लागलेलं, कुठे एक फर्मा दोनदा शिवलेला. सगळी एकत्र मिसळून गेली होती.

खरं तर दोघींनाही ताटातुटीचं दुःख होतं. पण दुःख आहे असं तोंडाने म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती, म्हणून दोघी कपाटावरून भांडत होत्या. थोरली एकेक पुस्तक खोक्यात टाकत होती. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, हे माझं आहे."

"तुझं कसलं? तू कुठे पुस्तक वाचतेस?" थोरली मान वर न करता म्हणाली. "मधली चार पानं चाळायची आणि दुसऱ्याच्या तोंडून बाकीचं ऐकायचं. त्याला वाचणं नाही म्हणत."

बाकीचं काहीही बोलली असती तरी चाललं असतं. पण ते वाक्य धाकटीच्या वर्मी लागलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आठच दिवसांपूर्वी पाचव्या भागाचा शेवटचा फर्मा तिच्या हाताखालून गेला होता. तो तिने पोटात ठेवला होता, डोळ्यांत पाणी आलं तरी तोंड उघडलं नव्हतं. आता ते उघडलं.

"वाचत नाही ना मी? मग ऐका. तुमची कप्तानबाई मरते. गलबताचं बाहेरचं दार उघडून एकटी बाहेर जाते, आणि मागे दार बंद होतं. तिथे पुस्तक संपतं."

थोरलीचा हात खोक्यावरच थांबला. हातातलं पुस्तक तिने परत कपाटात ठेवलं. मग खोक्यातली सगळी पुस्तकं एकेक करून परत कपाटात लावली, आणि पदर झटकून उठली. दुसऱ्या दिवशी ती गेली ती एकही पुस्तक न घेता.

धाकटीला वाटलं, यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही. पण झालं. पुढच्याच आठवड्यात छापखान्यातून पुन्हा एक गठ्ठा आला. गलबताचा शेवटचा फर्मा. तिला वाटलं, चुकून दुसऱ्यांदा पाठवला. छापखान्याचा माणूस म्हणाला, "लेखकाचं मन बदललं. तो जुना रद्द करा, हा लावा." जुन्या फर्म्यांचा गठ्ठा रद्दीत गेला. धाकटीने नव्याची पहिली घडी घातली आणि मान वाकडी करून आत डोकावली. आत, बंद होणाऱ्या दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला होता. ज्यांना कप्तानबाई आयुष्यभर ओरडली त्यातल्याच एकीचा. त्या हाताने तिला आत ओढलं होतं.

कप्तानबाई जिवंत होती. शहरात हे ठाऊक असलेली माणसं म्हणजे लेखक, छापखाना आणि ती. आणि तिकडे दुसऱ्या गावात थोरली तिचं सुतक धरून बसली असणार.

आता सांगायचं कसं, हा तिढा होता. 'ती मरत नाही' असं कळवलं की परत शेवट फोडला. एकदा रागाने फोडला, आता प्रेमाने फोडायचा, फरक काय? तिने पुस्तक बाहेर आल्या आल्या नवऱ्याजवळ दिलं. तो भावाकडे निघाला होता. ती त्याला एवढंच म्हणाली, "म्हणावं, शेवटपर्यंत वाचा." नवरा पुस्तक तसंच परत घेऊन आला. "वहिनी म्हणाली, त्या पुस्तकात आता माझ्यासाठी काही उरलं नाही." बिचाऱ्याने निरोप शब्दाला शब्द दिला. निरोप देण्यात तो पक्का होता.

त्यानंतर काय, लग्नकार्यात गाठी पडायच्या. "कशी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "चाललंय." एकदा थोरलीने विचारलं, "अजून घड्या घालतेस?" धाकटी "हो" म्हणाली आणि पुढचं सगळं तिच्या जिभेवर आलं. पण तेवढ्यात कोणी तरी थोरलीला हाक मारली आणि ती वळली. पुढे मुलांची लग्नं झाली. मग एक भाऊ गेला, मागोमाग दुसराही गेला. थोरलीच्या नवऱ्याच्या वेळी धाकटी जाऊन तिच्याजवळ बसली होती, हात हातात घेऊन, दिवसभर. त्या वेळी पुस्तकाचा विषय निघणं शक्य नव्हतं. पण खरं सांगायचं तर, धाकटीच्या मनात तेव्हाही तोच होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

बाइंडिंगखान्यात घड्या घालणारं मशीन आलं. ते पानांकडे बघत नाही, म्हणून त्याचं काम लवकर होतं. धाकटी घरी बसली. कपाट तिच्याच खोलीत होतं. नवीन काय येणार ते आता ती सुनेकडून काढून घ्यायची. सून मोबाइलवर बघून सांगायची, ह्या महिन्यात अमुक, पुढच्यात तमुक, आणि वर विचारायची, "आई, तुम्हाला ह्या असल्या गोष्टींची एवढी आवड कशी लागली हो?" धाकटी म्हणायची, "कामामुळे."

एका सकाळी सून चहा पिता पिता म्हणाली, "आई, हे तुमचंच दिसतंय. गलबताचा सहावा भाग येतोय. लेखक इतक्या वर्षांनी पुन्हा लिहितोय म्हणे. 'कप्तानबाई परत येतेय' असं मोठ्या अक्षरात टाकलंय बघा."

धाकटीच्या हातातला कप बशीवर आपटला. परत येतेय म्हणजे मेली नाही. आता हे उघड झालं. थोरलीचा नातू मोबाइलवरच असतो, तो तिला आज दाखवेल नाही तर उद्या. आणि पाचवा भाग न वाचताच तिला त्याचा शेवट कळेल. म्हणजे दुसऱ्यांदा. धाकटीने इतकी वर्षं जे जपून ठेवलं होतं ते एका जाहिरातीच्या ओळीने जाणार होतं.

"मला बसमध्ये बसवून दे," ती सुनेला म्हणाली. पिशवीत तिने पाचवा भाग टाकला, तोच, जो नवरा परत घेऊन आला होता. वाटेत तिने ठरवलं, काही सांगायचं नाही. समोर बसायचं आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवायचं. थोरली उठून गेली तर तिच्या मागे मागे फिरून वाचायचं. ह्यापलीकडे तिची अक्कल चालली नाही.

थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस पार पांढरे, पाठ मात्र तशीच ताठ. धाकटीला बघून ती म्हणाली, "कोणी आजारी आहे का?"

"नाही."

"मग अशी न कळवता कशी आलीस?"

धाकटीने चपला काढल्या, पाणीही न पिता समोरच्या पलंगावर बसली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. थोरलीने कव्हर बघितलं. धाकटीने चष्मा लावला, पहिलं पान उघडलं. प्रस्तावना ओलांडली. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या असतील.

"राहू दे," थोरली म्हणाली. "ती मरत नाही."

धाकटीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "नातवाने दाखवलं का?"

"कसला नातू? पुस्तक बाहेर आलं त्याच महिन्यात वाचलं मी. इथल्या वाचनालयात पहिला नंबर माझाच होता."

"पण तुम्ही तर ह्यांच्याजवळ पुस्तक परत पाठवलंत. म्हणालात, काही उरलं नाही."

"रागाने म्हणाले. मग चार दिवस कसेबसे काढले आणि गेले वाचनालयात." थोरली खिडकीकडे बघत बोलत होती. "म्हटलं, मेली तर मेली, निदान कशी मेली ते तरी बघू. आणि बघते तर ती आत आलेली."

"मग मला सांगायचं नाही का?" धाकटीचा आवाज चढला. "शेवटचा फर्मा बदलला हो त्यांनी. मी वाचला तेव्हा ती मेलेलीच होती. खोटं नव्हते बोलले मी. इतकी वर्षं मी जीव टांगणीला लावून बसले की तुम्ही तिला मेलेली समजताय. परत सांगितलं तर परत शेवट फोडला असं होईल, म्हणून गप्प बसले."

"आणि मी म्हटलं, हिचं चुकलंय, तर हीच येऊन सांगेल. मी का म्हणून जाऊ?"

आतल्या खोलीत कोणी तरी कपडे वाळत घालत होतं, चिमट्यांचा आवाज येत होता.

"तो हात येतो ना दारातून," थोरली थोड्या वेळाने म्हणाली, "ते पान वाचलं आणि मी तुला हाक मारली. मोठ्याने. 'अगं धाकटे, ऐक.' हे आतून धावत आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही. तू तिथे नव्हतीस, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तोवर मला नुसता राग होता."

धाकटी रडायला लागली. तिने ते लपवलं नाही. थोरलीनेही बघून न बघितल्यासारखं केलं नाही. तिने हात पुढे केला, आणि धाकटीच्या मांडीवरचं पुस्तक घेऊन बाजूला ठेवलं.

"सहावा येतोय," धाकटी नाक पुसत म्हणाली.

"माहीत आहे. काय आहे त्यात?"

"मला काय माहीत? घड्या आता मशीन घालतं. मधलंही नाही, शेवटही नाही. तुमच्याएवढंच मला माहीत आहे."

थोरलीला हे पटवून घ्यायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "बरं ऐक. मी अजून रागावलेली आहे. कपाटापाशी तू बोललीस ते मी विसरलेली नाही."

"तुम्हीही बोललात की."

"बोलले. ते माझं चुकलं. पण माझा राग सहावा भाग येईपर्यंत जायचा नाही."

धाकटीने चष्मा काढून पदराने पुसला. "जाऊबाई, तो लेखक कसला आहे तुम्हाला माहीत आहे. वर्षानुवर्षं लावेल. आपण तरी असू का तोवर?"

"मग तोवर येत जा," थोरली म्हणाली, आणि आतल्या खोलीच्या दिशेने वळून तिने चहा टाकायला सांगितला.